दर टकरीमागे २.२ कण की ५.७८? सीएमएसच्या खुल्या डेटातून प्रभारित कण मोजताना

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी तृतीय वर्षाच्या मुलांकडून एक प्रकल्प करून घेतला. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या खुल्या डेटा पोर्टलवरून, तिथल्या एलएचसी या त्वरकावरच्या सीएमएस प्रयोगाचा २०१० सालचा, ७ टीईव्ही (७००० जीईव्ही) ऊर्जेच्या प्रोटॉन टकरींचा ‘मिनिमम बायस’ (म्हणजे शक्यतो निवड न करता नोंदलेला) डेटा उतरवला. ०.५ जीईव्हीपेक्षा जास्त आडवा संवेग (बीमला काटकोनातला संवेग) असलेले चांगले ट्रॅक, म्हणजे प्रभारित कणांचे माग, घेतले आणि ईटा (बीमशी होणाऱ्या कोनाचं माप, ० म्हणजे काटकोन) −०.५ ते +०.५ या पट्ट्यात दर टकरीमागे किती येतात ते मोजलं. आकडा आला २.२. सीएमएसने छापलेला आकडा आहे ५.७८ ± ०.२३. ‘आमचे साठ टक्के कण गेले कुठे? प्रोग्राम चुकला का? की डेटा कमी पडला?’ असं मुलांचं म्हणणं. कॉलेजात ८ जीबी रॅमचे दोन संगणक, इंटरनेट जेमतेम आणि दुपारी लाइन जाते, हेही त्यांनी कळवलं आहे. शिवाय वर्गात ठेवून दाखवता येईल असं एखादं उपकरण करता येईल का, असंही विचारलं आहे.

मॅडम, प्रोग्राम बहुतेक बरोबर आहे. २.२ हा वाईट आकडा नाही, उलट अपेक्षेच्या अगदी जवळचा आहे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना केली, एवढंच. डेटा कमी पडण्याचा तर प्रश्नच नाही. २३ नोव्हेंबर २००९ ला एलएचसीमध्ये पहिल्या टकरी झाल्या तेव्हा अ‍ॅलिस प्रयोगाने अवघ्या २८४ टकरींवर आपला पहिला निबंध लिहिला. ९०० जीईव्हीला दर टकरीमागे ईटाच्या एका एककात ३.१० ± ०.१३ ± ०.२२ प्रभारित कण, असा निकाल दिला. पहिली त्रुटी सांख्यिकीय, दुसरी पद्धतीची. २८४ टकरींतसुद्धा पद्धतीची त्रुटी सांख्यिकीय त्रुटीपेक्षा मोठी होती, हे मुलांना दाखवा. या मोजणीत इव्हेंट, म्हणजे नोंदलेल्या टकरी, वाढवून फारसं हाती लागत नाही. सगळं काम व्याख्येत आणि दुरुस्त्यांत आहे.

५.७८ कशाचा आकडा आहे

तो तीन अटींसह येतो. एक, आडवा संवेग शून्यापासून पुढे सगळा धरलेला आहे, ०.५ च्या वरचाच नाही. दोन, ‘नॉन-सिंगल-डिफ्रॅक्टिव्ह’ टकरींसाठी आहे. म्हणजे ज्या टकरींत दोनपैकी एकच प्रोटॉन फुटतो आणि दुसरा शाबूत निघून जातो, त्या वजा केलेल्या आहेत. तीन, ‘प्राथमिक’ कणांसाठी आहे, म्हणजे टकरीतून थेट आलेले किंवा अत्यंत अल्पायुषी कणांच्या विघटनातून आलेले. के-शॉर्ट आणि लॅम्डा हे कण सेंटिमीटरभर किंवा जास्त अंतर जाऊन फुटतात (सीटाऊ अनुक्रमे २.६८ आणि ७.८९ सेंमी). त्यांच्यातून निघालेले पायॉन आणि प्रोटॉन यात धरत नाहीत.

पहिली अट सगळ्यात जड. ७ टीईव्हीला प्रभारित कणांचा सरासरी आडवा संवेगच ०.५४५ जीईव्ही आहे आणि वितरण डावीकडे दाटलेलं आहे. त्यामुळे ०.५ वर काट मारली की निम्म्याहून जास्त कण बाहेर जातात. अ‍ॅटलस प्रयोगाने हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे दिले आहेत. ०.५ जीईव्हीच्या वरचा निदान एक कण असलेल्या टकरींत ईटा शून्याजवळ सुमारे २.४२, आणि ०.१ जीईव्हीच्या वरचे निदान दोन कण असलेल्या टकरींत सुमारे ५.६३. तुमच्या २.२ ची तुलना २.४२ शी व्हायला हवी.

आता २.२ हे कच्चं माप आहे. ०.५ जीईव्हीच्या वर, मधल्या पट्ट्यात, ‘हाय प्युरिटी’ (सॉफ्टवेअरने खात्रीचे ठरवलेल्या) ट्रॅकची कार्यक्षमता, म्हणजे खऱ्या कणांपैकी सापडलेल्यांचं प्रमाण, ८८ टक्के आणि खोटे व दुय्यम (प्राथमिक नसलेल्या कणांचे) ट्रॅक मिळून ३ टक्के धरले, तर २.२ × ०.९७ ÷ ०.८८ = २.४३. मुलं टाळ्या वाजवतील, पण थांबवा. ८८ आणि ३ हे आकडे इथे अंदाजाने घातले आहेत आणि छेदातले इव्हेंट तुम्ही कसे निवडले ते अजून पाहिलेलं नाही. इतका नेमका मेळ अर्धा योगायोगाचा असू शकतो. प्रकल्पाचं खरं काम म्हणजे हे दोन आकडे स्वतः काढणं.

शून्यापर्यंत जायचंच असेल तर

सीएमएसच्या सोलेनॉइडचं, म्हणजे कणांना वळवणाऱ्या चुंबकाचं, क्षेत्र ३.८ टेस्ला आहे. आडवा संवेग (जीईव्ही) = ०.३ × क्षेत्र (टेस्ला) × वक्रतात्रिज्या (मीटर), हे सूत्र मुलांना पाठ असू द्या. ०.५ जीईव्हीच्या कणाची त्रिज्या येते ४४ सेंमी, ०.१ जीईव्हीच्या कणाची पावणेनऊ सेंमी. म्हणजे ०.१ जीईव्हीचा कण उगमापासून जास्तीत जास्त साडेसतरा सेंमी दूर जाऊन वळतो. २०१० च्या सीएमएसमध्ये पिक्सेलचे (बारीक चौकोनांच्या सिलिकॉन संवेदकांचे) तीन थर ४.४, ७.३ आणि १०.२ सेंमीवर होते, पहिला स्ट्रिप थर (लांब पट्ट्यांचे संवेदक) साधारण २५ सेंमीवर. असा कण पिक्सेलचे तीन थर ओलांडतो आणि स्ट्रिपपर्यंत पोचायच्या आत माघारी फिरतो. तीन बिंदूंवर ट्रॅक बांधायचा, म्हणून कार्यक्षमता घसरते आणि खोटे ट्रॅक वाढतात.

५.७८ साठी सीएमएसने तीन वेगळ्या रीती वापरल्या. पहिली, एका पिक्सेल थरातले क्लस्टर, म्हणजे एका कणाने पेटवलेल्या शेजारच्या पिक्सेलचे पुंजके, मोजणे (सुमारे ३० एमईव्ही, म्हणजे ०.०३ जीईव्हीपर्यंत पोच). दुसरी, दोन थरांतल्या क्लस्टरच्या जोड्या, म्हणजे ट्रॅकलेट (५० एमईव्ही). तिसरी, पूर्ण ट्रॅक (१०० एमईव्ही). पहिल्या रीतीत एक सुंदर गोष्ट आहे. टकरीच्या जागेवरून तिरका येणारा कण पिक्सेलच्या पत्र्यातून लांबट रेघ ओढत जातो आणि त्या क्लस्टरची लांबी साइन-एच(ईटा)च्या प्रमाणात वाढते. वळून परत आलेले किंवा दुय्यम कण ही लांबी पाळत नाहीत. मोठ्या ईटावर आखूड क्लस्टर दिसला की तो सरळ टाकून द्यायचा. ट्रॅकलेटमध्ये दोन क्लस्टरमधला फायचा (बीमभोवतीच्या कोनाचा) फरक काढतात. खऱ्या जोड्या शून्यापाशी शिखर करतात आणि चुकून जुळलेल्या जोड्यांची सपाट पार्श्वभूमी बाजूच्या पट्ट्यांवरून वजा होते.

हे तुम्ही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एओडी स्वरूपाच्या (विश्लेषणासाठी आटोपशीर केलेल्या) फाइलीत सगळे पिक्सेल क्लस्टर नसतात, जास्त तपशिलाच्या रेको फाइली लागतात आणि त्या फार जड. दुसरा मोह असा होतो की ०.५ च्या वरच्या वितरणावर त्सालिस फलन (आडव्या संवेगाच्या वितरणाचं नेहमीचं सूत्र) बसवायचं आणि शून्यापर्यंत ओढत न्यायचं. सीएमएसनेही फलन वापरलं, पण त्यांचे बिंदू ०.१ पासून सुरू होतात, म्हणून ओढून आणलेला वाटा अगदी थोडा राहतो. तुमच्याकडे तो निम्म्याहून जास्त होईल. तो आकडा मोजलेला म्हणवणार नाही. निकाल असा द्या: ‘०.५ जीईव्हीच्या वर, ईटा ±२.४ च्या आत, असा निदान एक कण असलेल्या टकरींसाठी’. अ‍ॅटलस, सीएमएस आणि अ‍ॅलिस यांनी तुलनेसाठी पुढे अशीच सामाईक चौकट ठरवली होती, ०.५ च्या वर आणि ईटा ±०.८ च्या आत निदान एक कण. तीही मुलांकडून काढून घ्या.

आधी छेद तपासा

बहुतेक जण अंशात, म्हणजे ट्रॅकमध्ये, अडकून बसतात. घोळ छेदात असतो. ‘मिनिमम बायस’ नावाच्या फाइलीतला प्रत्येक इव्हेंट टक्कर नसतो. त्यात रिकाम्या क्रॉसिंग (प्रोटॉनचे गुच्छ टक्कर न होता एकमेकांतून गेले अशा वेळा) असतात, नळीतल्या उरलेल्या वायूवर आदळलेले प्रोटॉन असतात, बीमच्या कडेने धावणारे ‘हॅलो’ कण असतात. फाइलीतल्या एकूण इव्हेंटने भागलं तर सरासरी खाली येणारच.

निवड या क्रमाने करा. सगळ्यात आधी पोर्टलवरची प्रमाणित रनची (सलग डेटा घेण्याच्या सत्रांची) यादी, जेएसओएन फाइल, लावा. या यादीत नसलेले ल्युमी-सेक्शन, म्हणजे रनचे काही सेकंदांचे तुकडे, वगळायचे, म्हणजे ट्रॅकर (माग मोजणारा भाग) अर्धा बंद असतानाचा डेटा आपोआप जातो. मग तांत्रिक ट्रिगर बिट (इव्हेंट ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या खुणा): ० क्रमांकाचा हवा (दोन्ही बाजूंचे गुच्छ खरंच आले होते याची खूण), ४० किंवा ४१ हवा (बीएससी या सिंटिलेटर पट्ट्या, म्हणजे कण गेला की चमकणारं प्लास्टिक, दोन्ही बाजूंना वाजल्या), आणि ३६ ते ३९ यांपैकी एकही नको (हॅलो). हॅलो कसा ओळखतात तेही सांगतो. बीएससीच्या पट्ट्या टकरीच्या जागेपासून दोन्ही बाजूंना १०.८६ मीटरवर आहेत. टकरीतले कण दोन्हीकडे एकाच वेळी पोचतात. हॅलोचा कण मात्र आधी एकीला लागतो आणि २१.७ मीटर धावून दुसरीला, म्हणजे ७२ नॅनोसेकंदांनी. फळ्यावर करून दाखवण्यासारखं गणित आहे.

त्यानंतर व्हर्टेक्स, म्हणजे ट्रॅकवरून काढलेली टकरीची जागा. निदान एक खरा व्हर्टेक्स, स्वातंत्र्यांश (तो किती ट्रॅकवर उभा आहे याचं माप) ४ पेक्षा जास्त, झेड (बीमच्या दिशेतलं स्थान) ±१५ सेंमीच्या आत, अक्षापासून २ सेंमीच्या आत. इथे एक खाच आहे. व्हर्टेक्स सापडला नाही तरी सीएमएसचं सॉफ्टवेअर बीम-स्पॉटचीच (टकरी होण्याच्या सरासरी ठिकाणाची) जागा ‘खोटा व्हर्टेक्स’ म्हणून भरून ठेवतं. त्यावरची ‘खोटा’ ही खूण तपासली नाही तर सगळ्याच इव्हेंटना व्हर्टेक्स आहे असं दिसतं आणि कोणालाच शंका येत नाही. शेवटी घासलेल्या बीमचे इव्हेंट: १० पेक्षा जास्त ट्रॅक असतील तर त्यांतले निदान २५ टक्के हाय प्युरिटी हवेत. वायूवर किंवा नळीवर आदळलेल्या इव्हेंटमध्ये पिक्सेल शेकड्यांनी भरतात, पण नीट ट्रॅक बनत नाहीत, म्हणून ही काट लागू पडते.

प्रत्येक पायरीनंतर उरलेले इव्हेंट एका तक्त्यात लिहून काढा. हा तक्ता नसलेला प्रकल्प अहवाल मी वाचणारच नाही.

प्रीस्केलची चिंता मात्र सोडा. प्रीस्केल म्हणजे ट्रिगर दर इतक्या इव्हेंटमागे एकच ठेवतो, पण तो टकरीत काय घडलं हे न पाहता ठेवतो. दर टकरीची सरासरी त्याने बदलत नाही. क्रॉस-सेक्शन काढायचं असतं तर प्रीस्केल लागला असता. जेट (कणांचे दाट झोत) किंवा म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) पाहून निवडणाऱ्या ट्रिगरचा डेटा मात्र इथे चालणार नाही. त्या टकरी मुळातच जास्त दाट असतात आणि सरासरी फुगते.

पाइल-अप, म्हणजे एकाच क्रॉसिंगमध्ये दोन टकरी, टाळायचं तर २०१० चे सुरुवातीचे रन घ्या. सरासरी ०.१ टक्कर असेल तर ज्या क्रॉसिंगमध्ये काही घडलं त्यांतल्या ४.९ टक्क्यांत एकापेक्षा जास्त टकरी असतात. पॉइसाँ सूत्राने मुलांना स्वतः काढू द्या. दोन व्हर्टेक्स अगदी शेजारी असले तर सॉफ्टवेअर त्यांना एकच समजतं, त्यामुळे ‘एकच व्हर्टेक्स’ अशी काट लावून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. उलट कधी कधी एकाच दाट टकरीचे दोन व्हर्टेक्स होतात आणि ती काट नेमक्या दाट टकरीच फेकून देते. कमी पाइल-अपचे रन निवडणं हाच स्वच्छ मार्ग.

ट्रॅकची निवड, आणि एक साइन लहर

हाय प्युरिटी खूण, आडव्या संवेगाची सापेक्ष त्रुटी १० टक्क्यांच्या आत, आणि व्हर्टेक्सपासूनचं बीमला आडवं व बीमच्या दिशेतलं अंतर (डीएक्सवाय, डीझेड) प्रत्येकी आपापल्या त्रुटीच्या तिपटीच्या आत. अंतराच्या त्रुटीत व्हर्टेक्सची त्रुटीही मिळवा, नाहीतर कमी ट्रॅकच्या इव्हेंटमध्ये चांगले ट्रॅक विनाकारण कापले जातात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे डीएक्सवाय थेट फाइलीतून उचलणे. काही न सांगता मागितलेलं डीएक्सवाय निर्देशांकांच्या मूळ बिंदूपासूनचं असतं आणि बीम त्या बिंदूतून जातोच असं नाही. तपासायचं कसं? आडव्या अक्षावर फाय, उभ्यावर डीएक्सवाय, असा द्विमित हिस्टोग्राम काढा. व्हर्टेक्स नीट दिलेला असेल तर सरळ आडवी पट्टी दिसते. दिलेला नसेल तर स्वच्छ साइन लहर दिसते आणि तिची उंची म्हणजे बीम किती सरकलेला आहे ते अंतर. एखाद मिलिमीटरचा सरक असला तरी तीन-सिग्माची काट बहुतेक सगळे खरे ट्रॅक खाऊन टाकते. ही आकृती मुलांना आवर्जून काढायला लावा. बिघाड एवढा देखणा क्वचितच दिसतो.

दुसरी आकृती ईटा आणि फायची. ट्रॅकरचे काही मॉड्यूल बंद असतात, तिथे खड्डे दिसतात. तेच खड्डे सिम्युलेशनमध्ये आहेत का ते बघा. डेटात खड्डा आणि सिम्युलेशनमध्ये सपाट असेल तर त्या भागातली कार्यक्षमता खोटी निघेल. तो भाग दोन्हीकडून वगळा.

ईटाच्या वितरणात शून्यापाशी किंचित खळगा दिसला तर घाबरू नका. ईटा = −लॉग टॅन (थीटा/२) ही निव्वळ कोनाची भाषा आहे. खऱ्या रॅपिडिटीत (कणाची ऊर्जा आणि बीमच्या दिशेतला संवेग यांवरून काढलेल्या मापात) वितरण मध्यभागी सपाट असतं. कणांना वस्तुमान असल्यामुळे रॅपिडिटीतून ईटात येताना ते थोडं दबतं. अंदाज यावा म्हणून: ईटा ० म्हणजे ९० अंश, १ म्हणजे सुमारे ४०, २ म्हणजे १५ आणि २.५ म्हणजे साडेनऊ अंश.

कच्च्या आकड्यावरून खऱ्याकडे

जिनिंगवर कापसाचं वजन होतं तसंच हे आहे. काट्यावरचा आकडा कोणी तसाच मांडत नाही. आधी रिकामी गाडी वजा होते, मग ओलाव्याची कट बसते, आणि भांडण होतं ते काट्यावरून नाही, ओलाव्याच्या टक्क्यावरून. इथेही चौकशी दुरुस्तीच्या टक्क्यांचीच होते.

आडवा संवेग आणि ईटा यांचे चौकोन पाडा आणि प्रत्येकात हे सूत्र लावा: खरा आकडा = कच्चा × (१ − खोटे) × (१ − दुय्यम) ÷ [कार्यक्षमता × (१ + दुहेरी)]. हे चारही अंश सिम्युलेशनमधून येतात. पोर्टलवर त्याच काळाचे पायथिया या टकरींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने तयार केलेले आणि जिआंट-४ या डिटेक्टरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून नेलेले इव्हेंट आहेत. सिम्युलेशनमधला खरा प्रभारित कण आणि त्याला जुळणारा ट्रॅक यांची जोडी लावून मोजायचं. खरे किती सापडले ती कार्यक्षमता. कोणत्याच खऱ्या कणाला न जुळणारे ट्रॅक ते खोटे. जुळले पण कण प्राथमिक नव्हता ते दुय्यम. एकाच कणाचे दोन ट्रॅक झाले ते दुहेरी.

एक चौकोन करून बघू. समजा १ लाख टकरींत, ईटा ±०.५ मध्ये, ०.५ ते ०.६ जीईव्हीच्या खणात ४०,००० ट्रॅक आले. कार्यक्षमता ०.८५, खोटे ०.०१, दुय्यम ०.०२, दुहेरी नगण्य. ४०,००० × ०.९९ × ०.९८ ÷ ०.८५ = ४५,६५७. आता टकरींच्या संख्येने आणि खणाच्या दोन्ही रुंदींनी भागा: ४५,६५७ ÷ (१,००,००० × १ × ०.१) = ४.५७ प्रति जीईव्ही. रुंदीने भागायचं मुलं विसरतात आणि मग असमान खणांमुळे वितरणात पायऱ्या दिसतात.

कार्यक्षमता शंभर टक्के का नाही? म्युऑनची जवळजवळ तेवढीच असते. पण टकरीतले बहुतेक कण पायॉन आहेत आणि पायॉन ट्रॅकरच्याच पदार्थात, तारांत, थंडाव्याच्या नळ्यांत, कार्बनच्या सांगाड्यात, अणुकेंद्रकावर आदळून संपतात. सीएमएसच्या ट्रॅकरमधला पदार्थ मध्यभागी सुमारे ०.४ रेडिएशन-लांबी (पदार्थाची जाडी मोजण्याचं एकक) आहे आणि ईटा १.४ च्या आसपास १.८ पर्यंत चढतो. तिथेच कार्यक्षमता जास्त पडते आणि फोटॉनचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणून ईटाभर एकच सरासरी कार्यक्षमता लावणं चूक.

दुय्यम कणांबाबत सिम्युलेशनवर आंधळा विश्वास ठेवू नका. त्या काळातलं पायथिया स्ट्रेंज कण, विशेषतः लॅम्डा आणि क्साय, डेटापेक्षा बरेच कमी बनवायचं. म्हणजे त्यांच्या विघटनातून येणारी भेसळही तुम्ही कमी वजा कराल. उपाय असा: डीएक्सवायची काट काढून टाका आणि डेटातलं डीएक्सवायचं वितरण प्राथमिक व दुय्यम या दोन साच्यांच्या बेरजेने बसवा. प्राथमिकांचं शिखर टोकदार असतं, दुय्यमांचं शेपूट लांब. शेपटीवरून प्रमाण ठरवा.

सरासरीऐवजी ‘किती टकरींत नेमके ५ कण, किती टकरींत १०’ असं वितरण काढायचं असेल तर हे सूत्र पुरत नाही. १० कणांची टक्कर ८ किंवा ९ ट्रॅक दाखवते आणि खण एकमेकांत मिसळतात. त्यासाठी प्रतिसाद-मॅट्रिक्स (खऱ्या कणसंख्येला किती ट्रॅक दिसतात याचा तक्ता) आणि अनफोल्डिंग, म्हणजे ही मिसळ उलटी सोडवणं, लागतं. पुनरावर्ती बेझ पद्धतीच्या तीन-चार फेऱ्या पुरतात. फेऱ्या वाढवत गेलं की वितरणाला करवतीसारखे दाते येतात, ती भौतिकी नव्हे. पदवीच्या प्रकल्पाला मी हे सुचवणार नाही.

त्रुटी

वर्गमूळ एन ची सवय इथे सोडा. एकाच टकरीतले ट्रॅक एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, दाट टक्कर सगळेच खण एकदम वर नेते. १ लाख टकरींत २.२ सरासरी म्हणजे २.२ लाख ट्रॅक, वर्गमूळ ४६९, त्रुटी ०.२१ टक्के, असं मुलं लिहितील. पण दर टकरीच्या संख्येचं मानक विचलन समजा ३ निघालं (पॉइसाँ असतं तर दीडच आलं असतं), तर सरासरीची त्रुटी ३ ÷ ३१६ = ०.००९५, म्हणजे ०.४३ टक्के. दुपटीने जास्त. मानक विचलन डेटातूनच काढा.

तरीही ती अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. पद्धतीच्या त्रुटी मात्र टक्क्यांत असतात, ५.७८ वरची ±०.२३ म्हणजेच ४ टक्के. त्या काढायची साधी रीत: काटा थोड्या हलवा (तीन सिग्माऐवजी दोन आणि पाच, झेड १५ ऐवजी १० सेंमी), प्रत्येक वेळी दुरुस्त्यांसकट सगळं पुन्हा करा आणि शेवटचा आकडा किती हलतो ते लिहा. कच्चा आकडा हलणारच, दुरुस्त केलेला हलायला नको. तो हलला तर सिम्युलेशन तिथे डेटाशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ.

लाइन, नेट आणि दोन संगणक

१ लाख टकरी पुरतात, म्हणजे शेकडो फाइलींची गरज नाही. १० एमबीपीएसचा वेग मिळाला तर १ जीबी उतरायला १३-१४ मिनिटं. सर्नच्या सर्व्हरवरून फाइल थेट वाचण्याची सोय आहे, पण तुमच्याकडे ती वापरू नका. नेट मध्येच तुटलं की जॉब मरतो. पहाटे फाइली उतरवून घ्या आणि पोर्टलवर दिलेल्या चेकसमशी (फाइल पूर्ण आल्याची खूण पटवणाऱ्या आकड्याशी) ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल कधी कधी निमूटपणे उघडते आणि अर्धेच इव्हेंट देते.

२०१० च्या डेटाला सीएमएसचं जुनं सॉफ्टवेअर, ४_२_८ ही आवृत्ती, लागते. ते आजच्या लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून पोर्टलवरचा डॉकर कंटेनर (जुन्या सिस्टिमसकट बांधून दिलेलं सॉफ्टवेअर) घ्या. तो एकदा उतरवला की पेनड्राइव्हने दुसऱ्या संगणकावर नेता येतो. जुनं सॉफ्टवेअर एकदाच वापरा: एओडी वाचून दर ट्रॅकचे दहाएक आकडे (आडवा संवेग, त्याची त्रुटी, ईटा, फाय, प्रभार, डीएक्सवाय, डीझेड, त्यांच्या त्रुटी, गुणवत्तेची खूण) आणि दर इव्हेंटचे ट्रिगर बिट व व्हर्टेक्स एका सपाट फाइलीत काढा. ४ बाइटचे १० आकडे, इव्हेंटला ३० ट्रॅक धरले तर इव्हेंटमागे १.२ केबी, १ लाख इव्हेंटना १२० एमबी. ही फाइल ८ जीबीच्या संगणकावर पायथनने सहज उघडते, आणि काटा बदलून पुन्हा चालवायला मिनिटंही लागत नाहीत. या टप्प्यावर काट लावू नका, निदान सैल ठेवा. नाहीतर प्रत्येक बदलासाठी पुन्हा कंटेनरकडे जावं लागेल.

जॉब एका वेळी एकाच फाइलीवर चालवा आणि निकाल वेगळ्या नावाने साठवा. लाइन गेली तर एकच फाइल पुन्हा करावी लागेल. रूटची (या क्षेत्रातल्या नेहमीच्या डेटा-सॉफ्टवेअरची) फाइल नीट बंद न होता संगणक बंद पडला तर पुढच्या वेळी ती ‘दुरुस्त केली’ असा संदेश येतो आणि फाइल उघडते, पण शेवटचे इव्हेंट गायब असतात. असा संदेश दिसला की ती फाइल फेकून द्या. छेदातली इव्हेंटची मोजणी आणि अंशातला हिस्टोग्राम वेगवेगळ्या क्षणी साठवले गेले असतील, तर सरासरी गुपचूप बिघडते.

वर्गात ठेवायचं उपकरण

वातावरणाच्या वरच्या थरात अवकाशातून येणारे प्रोटॉन हवेवर आदळतात, त्यातून पायॉन, पायॉनमधून म्युऑन. ते गावातल्या कॉलेजच्या गच्चीवरही जवळजवळ समुद्रसपाटीएवढ्याच दराने, आडव्या पृष्ठभागावर साधारण दर मिनिटाला दर चौरस सेंमीमागे एक, येतात. तीन सिंटिलेटर पाट्या (बाहेरच्या दोन ५ × ५ सेंमीच्या) एकाखाली एक ठेवा, प्रत्येकीला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे मंद चमक टिपणारा संवेदक, लावा. यावर वरचीच कार्यक्षमता शिकवता येते: वरची आणि खालची पाटी एकदम वाजली अशा वेळा मोजा, त्यांपैकी किती वेळा मधलीही वाजली ते मोजा, भागाकार म्हणजे मधलीची कार्यक्षमता. मधली पाटी बाहेरच्या दोघींपेक्षा थोडी मोठी हवी, नाहीतर कडेने निसटलेले म्युऑन तिच्या माथी पडतात.

तुमच्याकडचा खरा शत्रू उन्हाळा. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा अंधारातला गोंगाट साधारण दर ८ ते १० अंशांना दुप्पट होतो, आणि त्याचं ब्रेकडाउन व्होल्टेजही (ज्याच्या वर तो काम करतो ते) अंशामागे काही दशक मिलिव्होल्टने सरकतं, म्हणून गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, पडतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत सकाळ आणि दुपारचे आकडे जुळणार नाहीत. प्रत्येक पाटी सेकंदाला १००० वेळा गोंगाटाने वाजत असेल आणि वेळखिडकी १०० नॅनोसेकंद असेल, तर दोन पाट्या योगायोगाने एकत्र वाजण्याचा दर २ × १००० × १००० × १०⁻⁷ = ०.२ प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला १२. खरे म्युऑन एका पाटीवरच मिनिटाला २५, आणि पाट्यांत अंतर ठेवल्यावर दोन्हींतून जाणारे त्याहून बरेच कमी. या खोट्या जोड्यांत मधली पाटी वाजत नाही, त्यामुळे चांगली पाटीही निकामी ठरते. थ्रेशोल्ड (किती मोठा सिग्नल मोजायचा ती पातळी) इतका चढवा की एकेका पाटीचा दर सेकंदाला ५० च्या खाली येईल. मग योगायोगाच्या जोड्या मिनिटाला ०.०३ उरतात. थ्रेशोल्ड सकाळी लावला असेल तर दुपारी दोन वाजता एकट्या पाट्यांचे दर पुन्हा मोजून वहीत लिहा, शेजारी खोलीचं तापमानही लिहा.